वीसपट दुर्बीण आणि थरथरता हात

*‘सुटीच्या दिवशी पहाटे गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला आणि थंडीत नांदूरमध्यमेश्वरला आमचा पाच-सहा जणींचा गट पक्षी बघायला जातो. मी निवृत्त शिक्षिका, वय बासष्ट, चष्मा आहे. मुलाची जुनी ८×४० दुर्बीण वापरते. ती मानेला जड होते, आणि पाण्याच्या मधोमध बसलेलं बदक कोणतं ते तिच्यातून कळत नाही. मेन रोडच्या दुकानदाराने २०×५० घ्या म्हणून सांगितलं. ऑनलाइन बाराशे रुपयांत घडीची ३०×६० दिसते, ती खिशात मावते. मुलगा म्हणतो, स्टॅबिलायझरवाली घे, पन्नास हजार गेले तरी चालतील. यजमान म्हणतात, आहे त्यातच बघ, पक्षी काही पळून जात नाहीत. माझा हात अलीकडे जरा थरथरतो. लहान, हलकी, जास्त ताकदीची आणि स्थिर अशी एक दुर्बीण सुचवा.’*
*— नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एक वाचक*

ताई,

यजमानांना सांगा, पळून जाणं हाच पक्ष्यांचा धंदा आहे. तुमच्या तीन सल्लागारांपैकी मुलगा बराचसा बरोबर आहे, दुकानदार चुकतोय, आणि बाराशेची ती घडीची दुर्बीण तुम्ही आजच मनातून काढून टाका.

आधी दुकानदाराचं बघू. दुर्बिणीवरचा पहिला आकडा पटीचा, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. हे तुम्हाला माहीत असेलच. पण आठपट दुर्बिणीतून बदक आठपट मोठं होतं, तशी हाताची थरथरही आठपट होते, हे दुकानात कोणी सांगत नाही. वीसपट घेतलीत की थरथर वीसपट. आणि हात अगदी स्थिर कोणाचाच नसतो. धडधाकट तरुणाचा हातही सेकंदाला आठ-दहा वेळा बारीक हलत असतो, एरवी ते नजरेत येत नाही एवढंच. हात अंशाच्या एक दशांशाने हलला तर वीसपट दुर्बिणीत बदक दोन अंश नाचतं. पौर्णिमेचा चंद्र आकाशात अर्धा अंश रुंद असतो, म्हणजे चार चंद्र शेजारी-शेजारी मांडले तर होईल एवढी ती उडी. त्या नाचात चोचीचा रंग, डोळ्यामागची पट्टी, पंखावरचा ‘आरसा’ म्हणजे चमकदार पट्टा, यातलं काहीही टिकत नाही. म्हणून हातात धरून वापरायची असेल तर दहापटीच्या वर जाऊ नये, असं जुनी पक्षीनिरीक्षक मंडळी सांगतात. तुमचा हात थरथरतो म्हणता, म्हणजे तुमच्यासाठी साध्या दुर्बिणीत आठच बरी.

वीसपटीचा दुसरा तोटा शोधताना कळतो. बऱ्या आठपट दुर्बिणीतून हजार मीटरवरचा साधारण सव्वाशे मीटर रुंदीचा पट्टा एका नजरेत येतो. वीसपटीत तो पन्नास-पंचावन्न मीटरवर येतो. बाभळीवर शिंजीर नुसत्या डोळ्यांनी दिसत असतो, दुर्बीण लावली की नुसती पानं आणि काटे, आणि योग्य फांदी सापडेपर्यंत तो पलीकडच्या घाणेरीवर. तुम्ही पाच-सहा जणी आहात. ‘कुठे, कुठे?’ करण्यात निम्मी सकाळ जाईल.

आता घडीची ३०×६०. साठ मिलिमीटरचं एक भिंग म्हणजे सहा सेंटिमीटर. अशी दोन शेजारी ठेवली की बारा सेंटिमीटर झाली, त्यावर नळ्यांची जाडी वेगळी. ही वस्तू खिशात मावेल का, तुम्हीच सांगा. म्हणजे तो साठ खोटा, आणि तीसही बहुधा खोटाच. तपासायची एक सोपी रीत आहे आणि ती कोणत्याही दुर्बिणीला लागू पडते. दुर्बीण डोळ्यांपासून हातभर लांब धरा आणि उजळ आकाशाकडे रोखा. सूर्याकडे मात्र चुकूनही नाही. डोळा लावायच्या काचेत एक गोल उजळ ठिपका दिसेल. फूटपट्टीने त्याचा व्यास मोजा. पुढच्या भिंगाच्या व्यासाला त्या ठिपक्याने भागलं की खरी पट निघते. ठिपका चार मिलिमीटर आणि भिंग बत्तीसचं, तर दुर्बीण आठपट, मग डब्यावर काहीही छापलेलं असो. पुढची काच लालभडक चमकत असेल तर त्याचा ‘नाइट व्हिजन’शी काही संबंध नाही. ती काच लाल प्रकाश परतवून लावते, म्हणून तशी चमकते, आणि आत चित्र निळसर-हिरवट दिसतं. खंड्याला त्यातून बघण्यात काय अर्थ?

हा ठिपका तुमच्या वयाला फार कामाचा आहे, म्हणून त्यावर थोडं थांबते. डोळ्यात जो प्रकाश शिरतो तो एवढ्याच ठिपक्यातून. तुमच्या ८×४० चा ठिपका पाच मिलिमीटरचा, दुकानदाराच्या २०×५० चा अडीचचा. दिवसाढवळ्या आपल्या डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडलेली असते. अंधारात तरुणांची सातपर्यंत जाते, साठीनंतर बहुतेकांची तेवढी उघडत नाही. मग चाळीस-बेचाळीसचं जड भिंग गळ्यात अडकवून जो जास्तीचा प्रकाश मिळतो, त्यातला काही भाग तुमच्या डोळ्यात जातच नाही. तीस-बत्तीसचं भिंग तुम्हाला बहुतेक वेळा पुरेल. अगदी झुंजूमुंजू असताना चित्र जरा काळपट वाटेल, पण ऊन पडलं की फरक संपला. मानेचा प्रश्न अर्धा इथेच सुटतो.

आता स्टॅबिलायझर, म्हणजे हाताची थरथर खोडून चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा. ही काही नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. कॅननच्या अशा दुर्बिणी नव्वदच्या दशकापासून बाजारात आहेत, आता निकॉन, फुजिनॉन यांच्याही आहेत. कॅननच्या १०×३० आणि १२×३६ मध्ये प्रत्येक नळीत दोन सपाट काचा असतात, त्यांच्यामध्ये भात्यासारखी घडीची लवचिक भिंत आणि आत पारदर्शक तेलकट द्रव. छोटे सेन्सर हाताची हालचाल पकडतात आणि काचांमधला कोन क्षणोक्षणी असा बदलतात की किरण उलट्या बाजूला वळतो. हात डावीकडे गेला तरी चित्र जागेवर. इतर काही मॉडेलांत काचांऐवजी भिंग किंवा प्रिझम हलतं. काहींत बटण दाबून धरावं लागतं, काहींत एकदा दाबलं की पुरे.

बटण दाबल्यावर काय होतं ते वाचून कळत नाही. पाण्यावरचा काळा ठिपका थरथरत असतो, बटण दाबलं की अर्ध्या-एक सेकंदात तो ‘बसतो’, आणि वारकरी पक्ष्याच्या (इंग्रजीत कूट) कपाळावरचा पांढरा टिळा दिसायला लागतो. टिळा आधीही तिथेच होता, तेवढ्याच पटीत. म्हणूनच माझं ठाम मत आहे की बसलेली दहापट ही नाचणाऱ्या वीसपटीपेक्षा जास्त दाखवते. तुम्ही ‘ताकद’ मागताय, पण तुम्हाला हवी आहे ती स्थिरता. नांदूरमध्यमेश्वरच्या मनोऱ्यावर ती आणखी जाणवते. खालून शाळेची सहल वर चढायला लागली की मनोराच हादरतो, कठड्याला कोपरं टेकवून काही होत नाही. तिथे साध्या दुर्बिणी सगळ्यांच्याच निकामी होतात.

मर्यादाही ऐकून घ्या. स्टॅबिलायझर बारीक, भरभर थरथर पुसतो. चालता चालता बघणं त्याला जमत नाही. अंजनेरीच्या कड्यावरून तरंगत जाणाऱ्या गिधाडामागे दुर्बीण फिरवताना काही मॉडेलांत चित्र क्षणभर रेंगाळतं आणि मग झटका देतं, तेव्हा बटण बंद ठेवलेलंच बरं. सुधारणा किती अंशांपर्यंत होते तेही मॉडेलनुसार बदलतं. कॅननच्या १०×३० मध्ये ती एका अंशाच्या आसपास आहे, फुजिनॉनच्या १२×२८ मध्ये तीन अंश. हाताची थरथर बारीक असेल तर एक अंश भरपूर. चहाचा कप बशीत वाजेल इतकी असेल तर तीन अंशवाली हातात घेऊन बघा. आणि थरथर ‘अलीकडे’ सुरू झाली म्हणता, तर दुर्बिणीच्या आधी एकदा डॉक्टरांना दाखवून या. बहुतेकदा काही विशेष नसतं, पण दाखवलेलं बरं.

मग घ्यायची कोणती? तुमच्यासाठी मी स्टॅबिलायझरवाल्या दहापटीवर बोट ठेवेन, आणि त्यात कॅननच्या १०×३० वर. वजन सेलशिवाय सहाशे ग्रॅम, ठिपका तीन मिलिमीटरचा, हजार मीटरवर शंभर मीटरच्या वर पट्टा दिसतो. त्यात दोन साधे पेन्सिल सेल लागतात. ही बारीक गोष्ट वाटेल, पण थंडीत सेल लवकर मान टाकतात, आणि पेन्सिल सेल चांदोरीच्या किराणा दुकानातही मिळतात. काही छोट्या मॉडेलांना कॅमेऱ्याचे खास सेल लागतात, ते नाशिकातही चार दुकानं फिरून शोधावे लागतात. सेल संपले तरी दुर्बीण बंद पडत नाही, साधी दहापट म्हणून चालत राहते.

हिचे दोष दोन. एक, ती वॉटरप्रूफ नाही. दुसरा चष्म्याचा. चष्म्यावरून बघायचं तर डोळा काचेपासून पंधरा-सोळा मिलिमीटर लांब ठेवूनही पूर्ण गोल दिसायला हवा. हिचं अंतर साडेचौदा आहे, म्हणजे काठावर पास. चष्म्याची काच डोळ्याच्या किती जवळ बसते यावर सगळं अवलंबून. तुमचा नंबर नुसता लांबचा-जवळचा असेल तर चष्मा डोक्यावर सारून बघा, फोकसच्या चाकाने तो भरून निघतो. सिलिंडरचा नंबर मोठा असेल तर मात्र चष्मा लावूनच बघावं लागेल.

वजन हीच तुमची पहिली तक्रार असेल, तर निकॉनच्या १०×२५ स्टॅबिलायझ्डचा विचार करा. ती चारशे ग्रॅमच्या आत आहे, पर्समध्ये पडून राहते. ठिपका अडीचचा, त्यामुळे पहाटे आणि ढगाळ दिवशी तिची दमछाक होते, डोळाही नेमक्या जागी धरावा लागतो. सकाळी आठनंतर निघणाऱ्यांना ती चालेल. तुम्ही पहाटे निघणाऱ्या.

कॅननच्या १२×३६ चा मोह होईल. पाण्यावरच्या बदकांसाठी ती खरंच छान आहे. पण ती सहा मीटरच्या अलीकडचं काही फोकस करत नाही. सोमेश्वरच्या बाजूला झुडपांत फिरताना समोरच्या फांदीवर चष्मेवाला पक्ष्यांचा थवा उतरला तर तुम्हाला मागे मागे सरकत जावं लागेल, आणि मागे गोदावरी! फक्त नांदूरमध्यमेश्वरसाठीच दुर्बीण हवी असती तर मी हीच सांगितली असती.

त्या मधोमध बसलेल्या बदकाचंही बोलू, कारण तुमचं पत्र खरं तर त्याच्यासाठीच आहे. नांदूरमध्यमेश्वरला गोदावरी आणि कादवा मिळतात, पाणी अफाट पसरतं, आणि थवे काठापासून चांगले लांब बसतात. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे ते, २०२० साली जाहीर झालं. इतक्या अंतरावर बारापटही कमीच पडते. तिथे तिपाईवरचा स्पॉटिंग स्कोप लागतो, वीस ते साठपटीचा. तो विकत घेऊ नका. गाइड ठरवताना फोनवरच विचारा, स्कोप आहे का. गटात पैसे वाटले गेले की फार पडत नाही. दुर्बिणीने थवा शोधायचा आणि स्कोपने ओळखायचा, अशी कामाची वाटणी ठेवा.

शिवाय आकारावरून ओळखायची सवय लावलीत तर दहापटीतही बरीच बदकं सुटी होतात. थापट्याची चोच फावड्यासारखी पसरट, लांबूनही कळते. तलवार बदकाच्या नराची शेपटी सुईसारखी मागे निघालेली असते. चक्रवाक नारिंगी, तो तर नुसत्या डोळ्यांनाही चुकत नाही. पाठीवर ऊन असेल अशी जागा धरा. समोरून ऊन येत असेल तर सगळी बदकं काळीच. आणि दहा-साडेदहानंतर पाण्यावर हवा लवलवायला लागते, चित्र विरघळल्यासारखं होतं. त्याला स्टॅबिलायझर काही करू शकत नाही, कारण तेव्हा तुमचा हात नाही, हवाच हलत असते. तेवढ्या वेळात मिसळ खाऊन घ्यावी.

दुकानात गेल्यावर आतल्या ट्यूबलाइटखाली निर्णय घेऊ नका. दुकानदाराला सांगून फुटपाथवर या आणि लांबच्या पाटीवरची सगळ्यात बारीक अक्षरं वाचायचा प्रयत्न करा, आधी बटण न दाबता, मग दाबून. चष्मा लावून बघत असाल तर डोळ्याजवळची रबरी कडी आत फिरवून किंवा दुमडून बसवा, ती बाहेर ठेवून बघितलं तर भोकातून पाहिल्यासारखं वाटतं आणि चांगल्या दुर्बिणीला आपण उगाच नावं ठेवतो. दोन नळ्यांमधलं अंतर तुमच्या डोळ्यांना जुळतंय का बघा. बायकांचे डोळे बऱ्याचदा जवळ असतात आणि स्टॅबिलायझरवाल्या दुर्बिणींचे आयपीस, म्हणजे डोळ्याकडचे भाग, जाडजूड, नाकाच्या बाजूला टोचतात. पाच मिनिटं सलग बघा. डोळ्यांवर ताण आला, डोकं जड झालं किंवा एका पाटीच्या दोन पाट्या दिसल्या, तर त्या नगाच्या नळ्या एका रेषेत नाहीत. दुसरा नग मागा. किमती सारख्या बदलतात, तरी पन्नास हजारांच्या मागेपुढे धरून चाला. बिल आणि वॉरंटीचं कार्ड भारतातल्या अधिकृत विक्रेत्याचंच घ्या. परदेशातून कोणी आणून देत असेल तर बिघडल्यावर ती कोण दुरुस्त करणार हे आधीच विचारून ठेवा, कारण आतलं इलेक्ट्रॉनिक्स गल्लीतल्या कॅमेरा दुरुस्तीवाल्याच्या हातचं नाही.

पन्नास हजार निवृत्तीच्या पैशांतून काढताना हात आखडत असेल तर तेही समजण्यासारखं आहे. मग साधी ८×३२ घ्या. पाचशे-सहाशे ग्रॅमच्या आत चांगल्या कंपन्यांच्या वॉटरप्रूफ मिळतात आणि याच्या पाव ते एक तृतीयांश पैशांत काम होतं. गळ्यातला पट्टा काढून दोन्ही खांद्यांवरून पाठीवर फुलीसारखा जाणारा पट्टा लावा, मानेवरचं ओझं खांद्यांवर जातं. हा पट्टा तुमच्या जुन्या दुर्बिणीलाही बसेल, तो तर उद्याच आणा. बघताना कोपरं फासळ्यांना टेकवा, टोपीची कड आणि दुर्बीण एकाच मुठीत धरा, जमेल तिथे बसून घ्या. एक घडीची काठी सोबत ठेवून तिच्या मुठीवर दुर्बीण टेकवलीत तर थरथर बरीच खाली येते. खर्च शून्य, आणि बॅकवॉटरच्या चिखलातही काठी लागतेच.

सांभाळण्याचं थोडंसं. निफाडकडे जानेवारीत पारा पाच-सहावर येतो, तेव्हा श्वासाने आयपीस धुरकट होतात. मफलर नाकावरून हनुवटीखाली घ्या, पदराने काच पुसू नका, आधी फुंकून किंवा मऊ ब्रशने धूळ काढा. घरी आल्यावर गार दुर्बीण तशीच पिशवीत ठेवा, खोलीच्या तापमानाला आली की मग उघडा. आपल्याकडचा खरा शत्रू पावसाळा. कपाटात पडून राहिलेल्या भिंगांना आतून बुरशी लागते, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसतात. जून ते सप्टेंबर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, सेल काढून.

बोरगडाकडे गेलात तर वर हवाई दलाचं केंद्र आहे, तिकडे दुर्बीण रोखू नका. नवीन दुर्बीण हातात आली की माणूस दिसेल ते बघत सुटतो, आणि पहारेकऱ्याला शिंजिराची गोष्ट पटवणं अवघड असतं.

आणि गटाचं. नवी दुर्बीण आली की ती पाचही जणींच्या हातांतून फिरणार. उजव्या आयपीसखाली एक छोटी कडी असते, दोन डोळ्यांच्या नंबरातला फरक जुळवायला. पहिल्या दिवशी उजव्या नळीवर हात ठेवून फोकसच्या चाकाने डाव्या डोळ्यासाठी चित्र स्पष्ट करा, मग डावी झाकून तेच चित्र त्या कडीने उजव्यासाठी स्पष्ट करा. जिथे कडी थांबेल तिथे नेलपॉलिशचा बारीक ठिपका द्या. मैत्रिणींनी फिरवून परत दिली की ठिपक्यावर आणायची. नाहीतर पुढच्या रविवारी ‘आज दुर्बीण बिघडली वाटतं’ असं पत्र मला नक्की येईल.